मुंबईत कॉलेजची पोरं सातवीच्या मुलांना गणित शिकवतात. मग आपल्या तालुक्यातल्या कॉलेजचं काय?

विशेष विश्लेषण

सातवी-आठवीतल्या मुलाला तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगा. गावोगावी काय होतं ते पालकांना माहीत आहे. ‘असर’ या ग्रामीण भागातल्या पाहणीचा २०२४ चा अहवाल सांगतो की देशातल्या आठवीच्या मुलांपैकी हा भागाकार जमणारी मुलं आहेत सुमारे ४६ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त पोरं भागाकार न येताच नववीत जातात. तिथे बीजगणित असतं, विज्ञानातली गणितं असतात. मग दहावीला पोरगं नापास झालं की दोष त्याच्या डोक्याला दिला जातो.

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये सहावी ते आठवीसाठी स्पष्ट लिहिलंय की विज्ञान-गणिताला किमान एक शिक्षक, समाजशास्त्राला एक आणि भाषेला एक असला पाहिजे. कागदावर हे ठीक आहे. पण लहान पटाच्या शाळांची अवस्था वेगळी आहे. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयानंतर कमी पटाच्या शाळांतली शिक्षकपदं जातील, असं म्हणत शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या. ज्या शाळेत एकच गुरुजी दोन-तीन वर्ग सांभाळतात, तिथे अपूर्णांक कच्चे राहिलेल्या पाच पोरांना वेगळं घेऊन बसायचं कोणी?

मुंबईत या प्रश्नावर एक तोडगा बऱ्याच काळापासून वापरात आहे. कॉलेजात शिकणारी मुलं शाळा सुटल्यावर पाचवी ते आठवीच्या मुलांना गणित-विज्ञान शिकवतात. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात हे जास्त सोपं पडतं, कारण कॉलेजं आणि पालिकेच्या शाळा जवळजवळ आहेत. गिरगाव चौपाटीजवळ विल्सन आणि भवन्स, दादरला कीर्ती, परळला महर्षी दयानंद कॉलेज, थोडं पुढे माटुंग्याला रुईया, रुपारेल आणि व्हीजेटीआय. पोरगं चालत जाऊन शिकवून परत येऊ शकतं. आपल्याकडे तेवढं सोपं नाही. पण मुंबईत काय जमलं, काय फसलं, हे बघून तालुक्याला बरंच घेता येईल.

सुरुवात १८४९ ची

ही कल्पना आजची नाही. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी १८४८ साली ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. दादाभाई नौरोजी त्यातलेच. पुढच्याच वर्षी या मंडळींनी मुलींसाठी मराठी आणि पारशी शाळा सुरू केल्या. शिकवणारे हेच तरुण, बिनपगारी, आपापलं रोजचं काम सुरू व्हायच्या आधी सकाळच्या वेळात. घरोघरी जाऊन ‘तुमच्या ओसरीवर मुलींना शिकवू द्या’ म्हणून विनवण्या करायच्या. काही घरांतून हाकलून देण्याची भाषाही ऐकावी लागली. गिरगावच्या नाना शंकरशेट यांनी आपल्या आवारात मुलींच्या शाळेला जागा दिली. पुढे कामा घराण्यासारख्या पैसेवाल्यांनी मदत केली आणि पगारी शिक्षक नेमता आले.

यातून एक गोष्ट लक्षात येते. उत्साहाने शाळा सुरू होते, पण टिकायला जागा आणि पैसा लागतो. हे जितकं तेव्हा खरं होतं तितकंच आजही आहे.

नाना चौकातून खिरोद्यापर्यंत

याच नाना शंकरशेटांच्या नावाच्या नाना चौकात, पालिकेच्या शाळेत, १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचं काम सुरू झालं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं हे केंद्र पुढे मानखुर्दला गेलं. मोठमोठे शास्त्रज्ञ पालिकेच्या शाळेत बसून साध्या घरातल्या पोरांना विज्ञान का जमत नाही याचा शोध घेत होते. केंद्राचं सुरुवातीचं एक मोठं काम जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या शाळांमध्ये झालं. म्हणजे ग्रामीण शाळांशी या केंद्राचं नातं पहिल्यापासूनचं.

१९८० च्या दशकात केंद्राचे वि. गो. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी पालिका शाळांतल्या अनुसूचित जातीच्या मुलांना आठवीपासून दहावीपर्यंत जादा मार्गदर्शन दिलं. मुलांची कामगिरी चांगली सुधारली. त्यांच्या कामातून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. या पोरांची बुद्धी कमी नव्हती, त्यांना अडवत होती ती पुस्तकाची भाषा. विज्ञानाच्या पुस्तकातली मराठी घरातल्या मराठीपेक्षा फार लांबची असते. शब्दच कळला नाही तर पुढचं गणित कुठून कळणार?

आपल्याकडचं उदाहरण घ्या. ‘उत्प्लावक बल’ म्हटलं की आठवीचं पोरगं गप्प. पण विहिरीतून पाणी शेंदताना बादली पाण्यात असते तोवर हलकी लागते आणि पाण्याबाहेर आली की हाताला ओढ बसते, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असतं. पाणी वस्तूला खालून वर ढकलतं, त्यालाच पुस्तकात ‘उत्प्लावक बल’ म्हणतात, एवढं कोणीतरी सांगायला पाहिजे. कॉलेजातल्या पोराने तीच परीक्षा चार-पाच वर्षांपूर्वी दिलेली असते. कुठला शब्द अडला होता ते त्याला आठवत असतं. सेमी-इंग्रजीच्या मुलांना तर याचा दुप्पट उपयोग. घरी मराठी, वर्गात अर्धं इंग्रजी, आणि मध्ये समजावणारं कोणी नाही.

बारावी झालेली ताई पुरते का?

‘शिकवायला तज्ज्ञ लागतो, कॉलेजच्या पोरांना काय येतंय?’ असा सवाल हमखास येतो. त्याचं उत्तर मुंबईतच मिळालं.

‘प्रथम’ ही संस्था १९९० च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांमधून सुरू झाली. तिचा ‘बालसखी’ नावाचा कार्यक्रम होता. त्याच वस्तीतली, दहावी-बारावी झालेली मुलगी निवडायची, साधारण दोन आठवडे प्रशिक्षण द्यायचं आणि तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या १५-२० मुलांना रोज दोन तास तिच्याकडे द्यायचं. मानधन महिन्याला पाचशे-साडेसातशे रुपयांच्या आसपास. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात याचा रीतसर अभ्यास केला. काही शाळांना बालसखी दिली, काहींना दिली नाही, आणि दोन्हीकडच्या मुलांच्या परीक्षा घेतल्या. २००७ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. बालसखी असलेल्या शाळांतल्या मुलांचे गुण वाढले होते, आणि पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी फायदा साधारण दुप्पट होता. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण याच अभ्यासात दुसरी बाजूही आहे. कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावर मुलांचा फायदा बराचसा ओसरला. महिनाभर शिकवून फोटो काढून निघून गेलेल्यांनी काही टिकत नाही, हे यातून समजून घ्यावं.

आणखी एक गोष्ट. बालसखीच्या हाती दिलेली मुलं हुशार नव्हती, मागे पडलेली होती. शहरात याच्या उलट प्रकारही जोरात चालतो. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांची संघटना १९८१ पासून डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा घेते. सहावी आणि नववीच्या मुलांसाठी लेखी, प्रात्यक्षिक, प्रकल्प, मुलाखत असे टप्पे असतात. स्पर्धा चांगली आहे, तिच्यामुळे मुलं प्रयोगाकडे वळतात. पण तिच्या तयारीचे महागडे क्लासही निघाले, आणि त्यांचा फायदा आधीच पुढे असलेल्या मुलांना जास्त होतो. गावाने कॉलेजच्या पोरांना बोलावताना आधी ठरवावं, पहिल्या नंबरच्या दोघांसाठी बोलवायचंय की शेवटच्या बाकावरच्या दहांसाठी. दोन्ही कामं एका तासात होत नाहीत.

बाहेरदेशी काय दिसलं

लंडनच्या इम्पिरियल कॉलेजने १९७५ मध्ये ‘पिमलिको कनेक्शन’ सुरू केलं. विज्ञान-अभियांत्रिकीची मुलं आठवड्यातली एक दुपार जवळच्या शाळेत जाऊन शिक्षकाच्या हाताखाली विज्ञान आणि गणितात मुलांना मदत करायची. शिक्षक वर्गातच असायचे, हे महत्त्वाचं. इस्रायलमध्ये ‘पेराख’ नावाची योजना १९७४ पासून चालू आहे. तिथे कॉलेजचा विद्यार्थी वर्षभर एका मुलाची जबाबदारी घेतो आणि बदल्यात त्याच्या फीचा काही भाग माफ होतो. म्हणजे सेवा आहे, पण फुकटात नाही.

२०२० च्या टाळेबंदीत इटलीत विद्यापीठातल्या स्वयंसेवक मुलांनी सहावी ते आठवीच्या वयाच्या मुलांना ऑनलाइन शिकवलं. आठवड्याला साधारण तीन तास, एका मुलामागे एक शिकवणारा. मुलांच्या गुणांत चांगली वाढ झाली. आफ्रिकेतल्या बोट्सवानात त्याच काळात साध्या फोनवर प्रयोग झाला. आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटांचा फोन आणि सोबत गणिताचे मेसेज. फोन केलेल्या घरातली मुलं पुढे गेली. नुसते मेसेज पाठवलेल्या घरात म्हणावा तसा फरक पडला नाही.

बोट्सवानाचा धडा आपल्यासाठी मोलाचा आहे. गावातल्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज पीडीएफ आणि व्हिडिओ पडतात. त्यातले किती उघडले जातात ते ग्रुपवरच्या प्रत्येकाला माहीत आहे. फोनवर कोणीतरी ‘सांग बघू, उत्तर कसं काढलंस?’ असं विचारणारं माणूस असेल तर पोरगं वही उघडतं.

मुंबईत सोपं काय, अवघड काय

लालबाग-परळच्या चाळींशी आपल्या तालुक्यांचं नातं जुनं आहे. गिरणीत काम करायला गेलेली माणसं गावकीच्या खोल्यांत राहिली, पोरं गॅलरीत आणि जिन्यात बसून शिकली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. गिरण्या गेल्या, पण तिथल्या मंडळांनी अभ्यासिका आणि पुस्तक पेढ्या चालू ठेवल्या. लालबागच्या गणेशोत्सव मंडळांचं हे काम उत्सवाच्या गर्दीत झाकून जातं. दहा बाय बाराच्या खोलीत अभ्यासाला जागा नाही, म्हणून अभ्यासिका. कॉलेजचं पोर शिकवायला आलं तर बसायला जागा तयार असते.

मनुष्यबळही आहे. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एनएसएस, २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं. मुंबई विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन आणि विस्तार विभागाचेही १२० तासांचे उपक्रम असतात, पूर्ण केल्यावर जादा गुण मिळतात. सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये पदवीसाठी ६० तासांचं सामाजिक काम करावं लागतं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर राज्यातल्या कॉलेजांत क्षेत्रप्रकल्प आणि सामुदायिक सहभागाला क्रेडिट मिळू लागले आहेत. दोन क्रेडिट म्हणजे साधारण साठ तासांचं काम.

मग फसतं कुठे? शहर असो की गाव, कारणं तीच.

पहिलं, पोरं बदलत राहतात. या आठवड्यात एक ताई, पुढच्या आठवड्यात दुसरा दादा. मुलाची ओळख व्हायच्या आत माणूस बदललेलं असतं. दुसरं, कॉलेजच्या परीक्षा. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिलला शिकवणारे गायब होतात, आणि नेमकी तेव्हाच शाळेच्या मुलांनाही गरज असते. तिसरं, तास भरले की काम संपलं. सर्टिफिकेट हातात पडलं की पोरगं दिसत नाही. चौथं, शिकवणारा वर्गाचं पुस्तक पुढे रेटतो. सातवीचा धडा सातवीच्या पोराला, मग त्याला तिसरीतली वजाबाकी येत नसली तरी चालेल. बालसखीला यश आलं ते मूल जिथे आहे तिथून सुरुवात केल्यामुळे.

पाचवं कारण उघड बोललं जात नाही. शाळा सुटल्यावर लहान मुलांसोबत बाहेरचे तरुण असणार. पालकांना, विशेषतः मुलींच्या आईवडिलांना, काळजी वाटणारच. त्यामुळे जागा उघडी हवी, शाळेचा व्हरांडा किंवा ग्रामपंचायतीचा हॉल. शाळेचं किंवा समितीचं एक जबाबदार माणूस तिथे हजर हवं. घरी बोलावून शिकवणं बंद. एवढी शिस्त पहिल्या दिवसापासून ठेवली तर पालक पोरींनाही पाठवतात.

तालुक्याचा हिशेब

आता आपल्याकडे या. तालुक्याच्या गावाला कॉलेज आहे, तिथे एनएसएसचं युनिट आहे. गावोगावची पोरं-पोरी रोज एसटीने तिथे जातात आणि संध्याकाळी गावात परत येतात. मुंबईत कॉलेजच्या पोराला वस्तीत जावं लागतं, आपल्याकडे ते मुळात वस्तीतच राहतं. अडचण एकच, एसटी उशिरा पोचते. मग शाळा सुटल्यावरच्या वेळेऐवजी शनिवार दुपार आणि रविवार सकाळ धरायला काय हरकत आहे?

साधा हिशेब करा. एका विद्यार्थ्याने आठवड्याला दोन तास दिले तर तीस आठवड्यांत साठ तास होतात. दोन क्रेडिटचं काम तेवढंच. त्याच्याकडे पाच मुलं दिली, तर वीस विद्यार्थी शंभर मुलांना वर्षभर सांभाळतात. लहान पाच-सहा गावांतली सहावी ते आठवीची कच्ची मुलं यात सहज बसतात.

एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावात होतं. पन्नासेक मुलं येतात, गटार साफ करतात, झाडं लावतात, पथनाट्य करतात. ते सगळं राहू द्या. त्याच शिबिरात रोज संध्याकाळी दीड तास शाळेच्या मुलांची चाचणी आणि उजळणी घेतली, तर कोणाला बेरीज येत नाही, कोणाला अपूर्णांक येत नाहीत, याची यादी आठवड्यात तयार होते. पुढचं वर्ष गावातल्याच कॉलेजच्या पोरांनी त्या यादीवर काम करायचं.

साहित्याला मोठा खर्च नाही. अपूर्णांकाला भाकरी पुरते. अर्धी भाकरी आणि तिसरा हिस्सा मिळून किती, हे तुकडे करून दाखवलं की ‘दोन पंचमांश’ लिहिणारं पोरगं स्वतःच थांबतं. टक्केवारीला बाजार समितीची पट्टी आहे, त्यावर हमाली, तोलाई, कपात सगळं छापलेलं असतं. क्षेत्रफळाला सातबारा आहे. एक गुंठा म्हणजे हजार एकोणनव्वद चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. बापाच्या रानाचं क्षेत्रफळ काढणारं पोरगं भूमितीला घाबरत नाही.

वेळापत्रक मात्र शेतीकडे बघून करायला हवं. पेरणीच्या दिवसांत कॉलेजची पोरं रानात असतात, काढणीत शाळेतलीही. जुलैच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत एक टप्पा आणि दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत दुसरा, असं ठेवलं तर परीक्षाही आड येत नाहीत.

आणि शिकवणाऱ्याला काहीतरी मिळालंच पाहिजे. क्रेडिट कॉलेज देईल. पण गरिबाघरचं पोरगं रविवारी मजुरीला जातं, ते दोन तास सोडून फुकट का येईल? परीक्षा फीपुरती मदत, पुस्तकं किंवा थोडं मानधन ग्रामपंचायत, सोसायटी किंवा मुंबईतलं गावकरी मंडळ देऊ शकतं. देवळाच्या जीर्णोद्धाराला मुंबईकरांकडून वर्गणी येते. गावातल्या वीस पोरांच्या परीक्षा फीला किती लागेल, हे कोणीतरी एकदा विचारून बघायला हवं.

शिक्षकाची जागा घेऊ देऊ नका

यात एक धोका मोठा आहे. ‘कॉलेजची मुलं शिकवतातच, मग शिक्षक कशाला?’ असं म्हणायला प्रशासनाला वेळ लागणार नाही. लहान पटाच्या शाळांवर आधीच टांगती तलवार आहे. म्हणून पहिल्याच ठरावात लिहून ठेवावं की हे काम शाळेच्या वेळेनंतरचं आहे, गणित-विज्ञानाच्या रिक्त पदाला तो पर्याय नाही, आणि पद भरण्याची मागणी कायम आहे. बालसखी होती तेव्हाही वर्गात शिक्षक होतेच. पिमलिकोची पोरंही शिक्षकाच्या हाताखालीच काम करायची. मदतनीस तेव्हाच उपयोगी पडतो जेव्हा मुख्य माणूस जागेवर असतो.

शिकवणाऱ्यांचाही यात फायदा आहे. अकरावी-बारावी सायन्सला गेलेली कितीतरी गावची पोरं पाया कच्चा म्हणून मागे पडतात. दुसऱ्याला अपूर्णांक समजावताना स्वतःचा पाया पक्का होतो. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्यांना तर अंकगणित रोजच लागतं.

शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत पालकांनी तीन गोष्टी विचाराव्यात. आपल्या शाळेत सहावी ते आठवीला गणित-विज्ञानाचा शिक्षक आहे का, नसेल तर पद मंजूर आहे की नाही? भागाकार आणि अपूर्णांक न येणाऱ्या मुलांची यादी शाळेकडे आहे का? आणि गावातली किती मुलं-मुली सध्या कॉलेजात आहेत? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बैठकीत बसल्या बसल्या मिळेल. ती नावं कागदावर उतरवून तालुक्याच्या कॉलेजच्या एनएसएस कार्यक्रम अधिकाऱ्यांना समितीच्या सहीचं पत्र द्यावं. पत्राला तिकीट लागत नाही, रोज एसटीने जाणाऱ्या पोरांपैकी कोणाच्याही हातात देता येतं.